बोटभर कल

उलानबातार
५ जुलै २००३

दादा,

चारही स्प्रिंगा नव्या, चारही शॉकअप नवे, टायरांत हवा सारखी, आणि तरी गाडी एका अंगाला का झुकते? तुमच्या ह्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. लिहिताना लाज वाटते, कारण तो संच मीच आमच्या गॅरेजमधून निवडून पाठवला, आणि आपल्या घरात पदवी असलेली मी एकटीच. पण न पाहता उत्तर ठोकून देणं मला बरोबर वाटत नाही.

तुमची चिठ्ठी पुरेवकाकांनी काल व्हॅनमधून आणून दिली. जनावरं गवतावर छान भरली आहेत हे वाचून बरं वाटलं.

आता मी सांगते तसं करा. गाडी कोरड्या तळ्यावर न्या, आपल्या खोऱ्यात तेवढीच जागा खरी सपाट आहे. टाकी भरलेली हवी. तुम्ही स्वतः स्टिअरिंगवर बसा आणि मोजायचं काम दुसऱ्या कुणाला सांगा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही कोपऱ्यांत. पट्टीनं मोजा, अंदाजानं नको.

घाई अशासाठी की १० ते १३ सप्टेंबरला इथले डोळ्यांचे डॉक्टर तुमच्या जिल्ह्याच्या इस्पितळात येणार आहेत. मोतीबिंदूच्या यादीत आईचं नाव मी स्वतः जाऊन घातलं. वाटेत काळी खिंड आहे. तिथल्या आडव्या उतारावर झुकलेली गाडी न्यायची नाही, आणि आईला तर त्या गाडीतून मुळीच नाही. आपल्याकडे दोन महिने आहेत.

आईला सांगा, डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर ती पहिलं पत्र वाचेल ते माझं असेल. तुमच्या तोंडून नाही, स्वतःच्या डोळ्यांनी.

तुंगलाग


शार बुलाग
२० जुलै

मास्तरीणबाई,

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं. तिनं नेहमीसारखा कागद हुंगला आणि म्हणाली, "पोरीला नुसता कोळशाच्या धुराचा वास येतोय. जेवत नसणार."

नादामची जत्रा झाली. शर्यतीत आपला घोडा अकरावा आला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला फुरसत होती? सगळे माझ्या गाडीभोवती. चार बोटं उंच झालीय ना. त्यात तो बाल्दान, सगळ्यांदेखत म्हणतो कसा, "चुलुन, तुझी गाडी मुततेय का रे? एक पाय वर धरलाय तिनं." बायासुद्धा हसल्या. त्याच्या गाडीच्या स्प्रिंगा आपल्या आजोबांच्या वयाच्या, पण उभी राहते सरळ, म्हणून ह्याचं तोंड एवढं मोठं.

मोजली. तळ्यावर नेली, तोंड वाऱ्याला दिलं आणि तू सांगितलंस तशी मोजली. पट्टी कुठून आणू? वीत आणि बोटं घेऊनच जन्मलोय. मागून सारखी आहे. पुढून बारून बाजू बोटभर खाली. झालं समाधान? एवढं मी आपल्या गेर-तंबूच्या दारात बसून चहा पिता पिता सांगितलं असतं.

आता उपाय लिही. शाळा सोडलेल्या माणसाला कळेल असा. आई रोज विचारते, सप्टेंबर आला का? परवा तिनं चहा वाटीच्या बाहेर ओतला आणि कुत्र्याला शिव्या घातल्या, वाटी हलवली म्हणून. कुत्रा बाहेर होता.

चुलुन


उलानबातार
२ ऑगस्ट

दादा,

उत्तर सापडलं. दोन दिवस कागद घेऊन बसले आणि आता शंका उरलेली नाही.

तुम्ही लिहिलंत, बारून बाजू खाली आहे. बारून म्हणजे उजवी, आणि जपानहून आलेल्या आपल्या गाडीत उजवी म्हणजे स्टिअरिंगची बाजू. हे असंच असायला हवं होतं. चालक त्या बाजूला बसतो, टाकी त्या बाजूला, बॅटरीही त्याच बाजूला. वजन जिकडे, झुकाव तिकडे. साधी गोष्ट आहे, तीही मला लगेच सुचली नाही.

पुरेवकाकांबरोबर बोटभर जाडीची एक चकती पाठवते आहे. गाडी जॅकवर घ्या, स्टिअरिंगच्या बाजूची पुढची स्प्रिंग उतरवा आणि तिच्या डोक्यावर ही चकती बसवून परत आवळा. दुसऱ्या बाजूला हात लावू नका.

एक विनंती आहे. बसवल्यावर "मला तर उलटंच दिसतंय" असं म्हणू नका. नजरेनं मोजायची सवय शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसांना असते, आणि नजर फसवते. आकडे फसवत नाहीत. हिशेब मी तीनदा तपासला आहे. निदान ह्या वेळी तरी माझ्या शिक्षणावर विश्वास ठेवा. प्रश्न आईच्या डोळ्यांचा आहे.

तुंगलाग


शार बुलाग
१८ ऑगस्ट

मास्तरीणबाई,

बसवली. स्टिअरिंगच्या बाजूला, पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर, तुझ्या अक्षराबरहुकूम. दुसऱ्या बाजूला हात लावला नाही.

मला काय दिसतं ते लिहीत नाही. नजर शाळा सोडलेल्या माणसाची आहे.

पत्र मी पेट्रोलपंपावर बाल्दानला आणि बाकीच्या ड्रायव्हरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी तुझं फार कौतुक केलं.

नऊ तारखेला निघतो.

चुलुन


उलानबातार
२२ सप्टेंबर

आई,

हे पत्र तू स्वतः वाचते आहेस. दादा, तुम्ही वाचून दाखवू नका. कागद तिच्या हातात द्या आणि बाजूला व्हा.

आई, अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत. यादीत नाव घालताना डॉक्टर म्हणाले होते, पहिले काही दिवस डोळ्यांना पाणी येईल, घाबरायचं नाही. एका ओळीनंतर थांबलीस तरी चालेल. आधी काय पाहिलंस? दादांचं तोंड पाहिलं असशील तर ते किती म्हातारे झालेत ते मला कळव. ते स्वतः सांगणार नाहीत.

तू मला शाळेत घालायला निघालीस तेव्हा सगळे म्हणाले होते, एवढं शिकून पोरगी कुणाच्या उपयोगी पडणार? आई, तू खिंड ओलांडलीस ती तुझ्या मुलीच्या गणितावर बसून. हे लिहिताना मला रडू येतंय, पण बरं वाटतंय.

उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. दोन शब्द असले तरी चालतील.

तुझी तुंगलाग


जिल्ह्याचं इस्पितळ
६ ऑक्टोबर

तुंगलाग,

पुरेवनं तुझं पत्र इथे आणून दिलं. अक्षरं मोठी आहेत. आईला ती वाचता आली नाहीत. तिनं बोटांनी चाचपली.

निघताना तिनं चारही चाकांवर दूध शिंपडलं. खिंडीत बर्फ भुरभुरत होता. आई म्हणाली, ओवोच्या दगडांच्या ढिगाला तीन फेऱ्या घाल, डोळ्यांसाठी. मी म्हटलं, हॉर्न वाजवतो, देवाला तेवढं पुरतं. ती म्हणाली, "डोळे तुला नकोत, मला हवेत. फिरव." ओवो उजव्या हाताला ठेवून सूर्यासारखं फिरायचं असतं, शहरात राहून तू विसरली नसशील. गाडी उजवीकडे वळत राहते आणि अंग टाकते डावीकडे. उतारही डावीकडेच. दुसऱ्या फेरीत ती डाव्या अंगावर आडवी झाली. आई डावीकडे बसली होती.

मला खरचटलंसुद्धा नाही. आईचा खुबा मोडला. तीन तास बर्फात होतो. बाल्दान मागून आला आणि त्यानं आपल्या गाडीतून इथे आणलं. वाटेत त्यानं आपला डगला काढून आईवर घातला. हसला असता तर बरं झालं असतं.

डोळ्यांचे डॉक्टर इथेच होते, दोन दारं सोडून. म्हणाले, ही तासभर स्थिर पडून राहू शकत नाही, पुढच्या वर्षी बघू. चार दिवस आई त्यांच्या बुटांचा आवाज ऐकत होती. पावलं दाराशी आली की मान उचलायची. तेरा तारखेला ते गेले.

तिला सांगितलं, पोरीनं पाठवलेल्या चकतीनं गाडी उलटली. ती म्हणाली, तिची पत्रं आता मला वाचून दाखवू नकोस.

चुलुन


उलानबातार
१५ ऑक्टोबर

दादा,

आईनं तसं म्हटलं असेल तर तिचं बरोबर आहे. हे पत्र तुमच्यासाठी आहे, तिला वाचून दाखवू नका.

चार दिवस मी कामावर गेले, स्प्रिंगा उतरवल्या, चढवल्या, आणि कुणाच्याही गाडीखाली गेले की मला आईचा पाय दिसायचा. मी गुन्हेगार असेन तर तसं स्पष्ट म्हणायची माझी तयारी आहे. पण एक गोष्ट बसत नाही. उजवी बाजू खाली होती आणि मी ती चकतीनं उचलली, तर गाडी सरळ व्हायला हवी. सरळ गाडी ओवोभोवती बैलगाडीच्या वेगानं फिरताना पडत नाही. ती डावीकडे पडली, म्हणजे डावी बाजू आधीच खाली होती.

म्हणून तीन प्रश्न विचारते. तळ्यावर मोजलंत तेव्हा टाकी भरलेली होती का? तुम्ही सीटवर बसला होता का? आणि तुम्ही लिहिलं होतंत, गाडीचं तोंड वाऱ्याला दिलं. कुठल्या वाऱ्याला?

मला खोटं सांत्वन नको. जे झालं ते लिहा. आपल्या दोघांत निदान तेवढं तरी खरं असू दे.

तुंगलाग


जिल्ह्याचं गाव, गॅरेज
२ नोव्हेंबर

तुंगलाग,

आईला घरी सोडून गाडी घेऊन इथे आलोय. छत वाकलंय, दार बसत नाही, काच यायची आहे. दोन महिने तरी जातील. आईजवळ शेजारची देल्गेर आहे.

वाऱ्याचं विचारतेस? आपल्या खोऱ्यात वारे किती आहेत? उत्तरेचा, दुसरा कुठला. तोंड उत्तरेला होतं. मी लिहिलं बारून, म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, गेरमध्ये आपण खोगीर ठेवतो ती बाजू. पश्चिम. उत्तरेला तोंड केलेल्या गाडीची पश्चिम म्हणजे तिची डावी. आपलं दार दक्षिणेला, दारातून बाहेर पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला पश्चिम, म्हणून आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द. हे तुला मी शिकवायचं? तुझ्या शहरात बारून म्हणजे ट्रॅफिक पोलिसाचा उजवा हात, एवढंच उरलंय वाटतं.

टाकी रिकामी होती. पंपावर तेल आलं नव्हतं. मोजायला मी एकटाच होतो, मग सीटवर कोण बसणार?

आणि आता ऐक. खरं पाहिजे म्हणालीस ना.

तुझं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं की तू उलटं समजलीस. वर होती ती बाजू आणखी उचलायला सांगतेस, हे आंधळ्यालाही कळलं असतं. एका ओळीचं पत्र टाकलं असतं तर काम झालं असतं. पण तू पुढे ते लिहिलंस, शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसांचं. शाळा मी का सोडली ते तुला ठाऊक आहे. मेंढरांमागे दोघांपैकी एक जायला हवं होतं, आणि तू रडायचीस.

म्हटलं, ठीक आहे. बसवतो. हिची पदवी गाडीला लटकवून गावभर फिरवतो. पंपावर पत्र वाचलं, ड्रायव्हर पोट धरधरून हसले. बाल्दान नाही हसला. म्हणाला, "झाली मजा, आता काढ ती." मी म्हटलं, नऊ तारखेच्या आधी काढतो. मग गवत कापायचे दिवस आले. मग म्हटलं, इतके दिवस चालवली, काय झालं? आठ तारखेला जॅक लावला होता. आई आतून ओरडली, चहा निवतोय. जॅक काढून ठेवला.

हे आईला सांगू नकोस. तिला मी उचलतो, मी भरवतो, मी मोरीशी नेतो. दिसत नसलेल्या माणसाला समोरच्या हातावर भरवसा लागतो. तो गेला तर तिच्याजवळ काय उरलं? तू हजार किलोमीटर लांब आहेस. तिचा राग तिकडे गेला तर कुणाचं काही बिघडत नाही. तुला शिक्षण मिळालं, नोकरी मिळाली. एवढं एक घे.

बाबा म्हणायचे, तुंगलाग म्हणजे नितळ पाणी, तळ दिसतो पण खोली कळत नाही. आता तुला दोन्ही दिसलं.

चुलुन


उलानबातार
१४ डिसेंबर

दादा,

हे पत्र गॅरेजच्या पत्त्यावर पाठवते आहे, म्हणजे तुम्ही घरी जायच्या आधी वाचाल.

पाच जुलैच्या प्रश्नाचं उत्तर आता मला येतं. गाडीत दोषच नव्हता. ह्या संचात स्टिअरिंगच्या बाजूची पुढची स्प्रिंग जरा लांबच येते, कारण तिकडे चालक बसतो आणि टाकी असते. रिकाम्या टाकीची, रिकाम्या सीटची गाडी दुसरीकडे बोटभर कललेली दिसणारच. टाकी भरून तुम्ही आत बसलात की ती सरळ. हे संचाच्या पेटीतल्या कागदावर छापलं आहे. तो कागद मी उघडला नव्हता, कारण मला वाटलं, मला येतं. काहीच केलं नसतं तर आईनं खिंड सुखरूप ओलांडली असती.

तुमचं पत्र मिळालं त्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुरेवकाकांच्या व्हॅनमध्ये बसले. जाताना आपल्या गावाआधी जिल्ह्याचं गाव लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्या गॅरेजचं दार उघडं होतं. गाडीखालून तुमचे पाय बाहेर आलेले दिसले. पुरेवकाका हॉर्नवर हात नेत होते, मी तो धरला.

आई पेटीला टेकून बसली होती. माझं पाऊल ओळखलं नाही तिनं. मी वाकले तेव्हा माझा गाल हुंगला आणि म्हणाली, "आलीस? गाडी पडल्यापासून एक ओळ नाही धाडलीस. चुलुन म्हणतो, तुला लाज वाटत असेल. मी म्हटलं, लाज वाटली तरी माणूस लिहितो." दादा, तिनं माझी पत्रं बंद करायला कधीच सांगितलं नव्हतं. मोठ्या अक्षरांचं पत्र पेटीत तुमच्या हिवाळी मोज्यांखाली होतं, माझ्या दोन ऑगस्टच्या पत्रासकट; दोन्ही मी बरोबर घेतली. तुम्ही तिला सांगितलं होतंत, तो औषधाचा कागद आहे. तो औषधाचा कागद तिनं बोटांनी चाचपला होता. ते मी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पत्र आहे, एवढं मी तिला सांगितलं.

गाडीबद्दल मी तिला फक्त माझी चूक सांगितली. बारून म्हणजे उजवी समजले, असं म्हटलं. तिनं लगेच विचारलं, "गाडीचं तोंड कुठे होतं?" आपल्या दोघांना जे विचारायला तीन महिने लागले ते तिनं एका श्वासात विचारलं. मग म्हणाली, "पण चुलुनला तर दिसलं असेल." मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

तिला न्यायचं म्हटलं तर ती म्हणाली, "चुलुन येऊ दे, त्याला विचारून जाऊ." मी थांबले नाही. देल्गेर रडत होती. पुरेवकाकांनी आणि मी तिला गादीसकट उचललं. खिंडीत गाडी थांबवून मी पायी तीन फेऱ्या घातल्या, आईनं खिडकी उघडी ठेवायला लावली आणि माझी पावलं मोजली. बाकी वाट ती कण्हत होती. तीन दिवस. इथल्या डॉक्टरांनी मला झापलं, म्हणाले, असा माणूस असा आणतात का? हेही माझ्याच नावावर. तुम्ही लिहिलं होतंत, एवढं एक घे. मी माझं सगळं घेतलं आहे. तुमचं घेणार नाही.

खुब्याला वेळ लागेल. तिला नीट चालता येईल की नाही, कुणी सांगत नाही. तिला औषधानं स्थिर ठेवून उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मंगळवारी झाली.

तुम्ही लिहिलंत, आईला सांगू नकोस. दादा, मी सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी पट्टी काढली. तिनं आधी माझं तोंड पाहिलं, मग खिडकी, मग पुन्हा माझं तोंड. नंतर हात पुढे केला आणि म्हणाली, "ते मोठ्या अक्षरांचं दे, मी वाचते."

मी तिच्या हातात माझं दोन ऑगस्टचं पत्र दिलं, आणि त्याच्यावर तुमचं दोन नोव्हेंबरचं.

तुंगलाग